पाचव्यांदा साक्षर

गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५. सकाळी ढग, दुपारी ऊन. डाव्या डोळ्यात थेंब घातले. पाच वाजता पूनम आली. चहा घेतला नाही, बिस्किटे घेतली. सोमवारी साक्षरता दिन. मंचावर बारा असाक्षर महिला हव्यात, म्हणाली. वर्गात आता एकही असाक्षर उरलेली नाही, असे तिला सांगितले. ती म्हणाली, "सायराबानू आहे की!" सायराबानू आजपर्यंत चार वेळा साक्षर झाली आहे.

नीलांबिकाबाईंनी शेवटचे वाक्य लिहिले, त्याखाली पट्टी धरून रेघ मारली आणि पेनाला टोपण घातले. अकराव्या वर्षी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी त्यांना रोजनिशीची सवय लावली होती. आता त्या अठ्ठ्याहत्तरच्या होत्या. घडले ते लिहायचे, वाटले ते लिहायचे नाही, ही सिस्टरची शिस्त. त्यामुळे पूनमबद्दल त्यांना काय वाटत होते ते वहीत कुठेच नव्हते. ते सगळे पोटात होते, आणि पोट आता भरत आले होते.

पूनम ही दीपकळी महिला साक्षरता मंडळाची कार्यवाह. तिला गरिबांचा फार कळवळा. फक्त गरिबांनी वेळेवर यावे, अंघोळ करून यावे आणि फोटोत मागच्या रांगेत कुणी जांभई देऊ नये, एवढीच तिची माफक अपेक्षा होती. मंडळाचे अध्यक्ष शिवलिंगप्पा. टॉवेलच्या व्यापारात त्यांचे बरे चालले, आणि बरे चालल्यावर माणसाला जे सुचते ते त्यांना सुचले: समाजसेवा. नीलांबिकाबाईंचे यजमान सोमशेखर हयात असताना शिवलिंगप्पा रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचे. सोमशेखर वारल्यावर शिवलिंगप्पा एकदा म्हणाले, "वहिनी, तुमचं इंग्रजी घरात बसून गंजतंय. आमच्या बायकांना शिकवा." 'आमच्या बायका' म्हणजे नई जिंदगी भागातल्या, टॉवेलच्या कडा शिवून पोट भरणाऱ्या. बाईंनी होकार दिला. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी दोन ते चार, बिनपगारी. सात वर्षे झाली त्याला.

पहिल्याच वर्षी सायराबानू आली. तिचा नवरा मौलाली मालवाहू रिक्षा चालवतो. कारखान्यातून टॉवेलचे गठ्ठे घरोघर टाकायचे आणि शिवून झाले की उचलायचे. सायराबानू दिवसभर कडा मुडपायची आणि कोपऱ्यात कंपनीचे लेबल टाचायची. पूर्वीच्या लेबलावर हत्ती होता. हत्तीचे पाय खाली आले की लेबल सुलटे, एवढे तिला पुरे होते. मग कुणा शहाण्याने हत्ती काढून टाकला आणि नुसती इंग्रजी अक्षरे ठेवली. आता त्यात डोके कुठले आणि पाय कुठले? सायराबानूने आपल्या मनाने ठरवले आणि चारशे टॉवेलांना लेबले उलटी लावली. ठेकेदाराने सगळा माल तिच्या दारात आणून ओतला आणि गल्ली गोळा करून म्हणाला, "बघा रे, हिच्या घरात ए-बी-सी-डी शीर्षासन करते!"

दुसऱ्या दिवशी ती वर्गात हजर.

नीलांबिकाबाईंनी त्या दिवशी वर्गाला जे शिकवले ते आठवले की त्यांना आजही स्वतःची कीव येते. सगळ्या बायकांना उभे करून त्यांनी एका सुरात 'गुड मॉर्निंग, टीचर' म्हणून घेतले होते. दुपारचे दोन वाजले होते. सिस्टर तसेच करायच्या, म्हणून यांनीही केले. सगळ्या म्हणाल्या. सायराबानू तेवढी गप्प.

"तू का नाही म्हणत?"

"टीचर, ये बोलके लेबल सीधा होता क्या?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाई घरी आल्या आणि वहीत लिहिले: 'एक महिला उद्धट आहे.' पण पुढच्या खेपेला त्यांनी फळ्यावर एक टॉवेलचे लेबल चिकटवले, आणि मग औषधाची पाकिटे, विजेचे बिल, शाळेच्या सूचना हेच त्या वर्गाचे पुस्तक झाले. सायराबानू आठ महिन्यांत मराठी वाचू लागली, तीन वर्षांत इंग्रजी. बोलताना अजून अडखळायची. वाचताना मात्र ओळीखाली बोट धरून अशी सरकत जायची की एक अक्षर सुटायचे नाही. मुलगी सना इंग्रजी शाळेत. तिच्या शाळेतून आलेली चिठ्ठी ती आधी स्वतः वाचायची, मग सनाला म्हणायची, "अब तू बोल, क्या लिखा है." आणि सनाने सोयीचे तेवढेच सांगितले की पाठीत धपाटा घालायची.

अशी ही बाई चार वेळा साक्षर कशी झाली? पहिली वेळ खरी होती. साक्षरता दिनाला मंचावर आधी अंगठा उठवायचा, मग पाहुण्यांनी हाती पेन द्यायचे आणि तिने सही करायची, असा मंडळाचा रिवाज. डावीकडे अंगठ्याचा फोटो, उजवीकडे सहीचा. पुढे करोनाची दोन वर्षे गेली. त्यानंतर पाहुणे आले तेव्हा नव्या बायका मिळेनात. खऱ्या असाक्षर बाईला सकाळी अकराला मंगल कार्यालयात येऊन बसायला वेळ नसतो, ही गोष्ट पूनमच्या ध्यानात आली नव्हती. ती म्हणाली, "सायरा, तूच बस ना गं. कुणाला कळतंय?"

सायराबानू बसली. आणि पंचाईत अशी की ते तिला फारच छान जमले. पेन लाटण्यासारखे मुठीत धरायचे, जीभ दाताखाली घ्यायची, 'सा' काढून थांबायचे, घाबरून पाहुण्यांकडे बघायचे, पाहुण्यांनी मान डोलावली की 'यरा' काढायचे आणि मग पदराने डोळे टिपायचे. पाहुणेही डोळे टिपायचे. त्यानंतर दुसऱ्या कुणाला त्या जागी बसवायचा विचारच मंडळाने सोडून दिला. मंडळाच्या वहीत ती एका वर्षी सायराबानू मौलाली, एका वर्षी सायरा एम., एका वर्षी नुसतीच बानू. दरवर्षी एक साडी आणि एक स्टीलचा डबा.

नीलांबिकाबाई हे सगळे पहिल्या रांगेत बसून बघत आल्या होत्या. घरी येऊन वहीत लिहायच्या: 'पुन्हा तीच.' आणि खाली रेघ मारायच्या. डब्यासाठी निरक्षर होणारी बाई, असा सायराबानूबद्दलचा तुच्छभाव त्यांनी मनात जपून ठेवला होता. सगळे माहीत असून पहिल्या रांगेत बसणाऱ्या बाईबद्दल काय वाटायला हवे, हा प्रश्न मात्र त्यांनी कधी काढला नव्हता.

शनिवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी सायराबानूला थांबवले.

"पूनम आली होती. सोमवारी परत तुला बसवणार म्हणे."

"हौ टीचर. बोली मेरेकू."

"लाज नाही वाटत? तू पोरीच्या शाळेत जाऊन इंग्रजीत अर्ज लिहून देतेस, आणि तिथे जाऊन अंगठा उठवतेस?"

सायराबानू वही पिशवीत घालत म्हणाली, "टीचर, अंगठा त्यांना देते. डोकं घरी आणते की परत."

"काय मिळतं त्यात? डबा?"

"डब्बे तो भोत हुए. रखनेकू जगा नै." मग ती हसायची थांबली. "टीचर, मंडळाचा तो आई-मुलांचा इंग्रजी वर्ग निघतोय ना आमच्या गल्लीत? त्याच्यात मदतनीस बाई पाहिजे. आईंना शिकवायला. पूनममॅडम दोन साल से बोल रहे, तुलाच घेणार, तुलाच घेणार. सोमवारचा प्रोग्राम झाला की चिठ्ठी देते बोलली." तिने उजव्या हाताची बोटे पुढे केली. पहिल्या दोन बोटांची टोके सुयांनी काळी, कडक झालेली. "ही बोटं अजून चार-पाच साल चालतील. मग काय करू? एकदा बसते अजून. आखरी."

त्या दिवशी नीलांबिकाबाईंच्या वहीत रेघ जरा वाकडी आली.

सोमवारी पितृपक्षाचा पहिला दिवस. त्या पंधरवड्यात लग्ने नाहीत, म्हणून मंगल कार्यालय निम्म्या भाड्यात मिळाले होते. पूर्वजांनी साक्षरतेला एवढा तरी हातभार लावला. दारावर फलक: 'अंधाराकडून उजेडाकडे.' त्यावर शिवलिंगप्पांचा फोटो उजेडाच्या बाजूला. पुण्याच्या एका कंपनीचे पाहुणे यायचे होते. नव्या वर्गाला तेच मदत करणार होते. साडेदहाची वेळ, म्हणून ते पावणेबाराला पोहोचणार होते.

बारा बायकांना वधूपक्षाच्या खोलीत बसवले होते. मागच्या लग्नातली झेंडूची एक माळ खिडकीला तशीच वाळून लटकत होती. मधोमध टेबल, त्यावर निळ्या शाईचा पॅड, आणि प्रत्येकीच्या नावाचा छापील कागद, इंग्रजीत. पूनम एकेकीचा अंगठा धरून पॅडवर दाबत होती आणि कागदावर उठवत होती, पोळीला तूप लावावे तसे, भराभर.

"हे काय आहे?" नीलांबिकाबाईंनी विचारले.

"फॉरमॅट आहे हो, नीलामावशी. कंपनीला लागतं. तुम्ही बाहेर बसा ना, पंखा आहे तिथं."

पाच अंगठे झाले. सहावी सायराबानू. पूनमने तिचा हात धरला, तो हलेना. सायराबानू कागदावर वाकली होती. तिचे बोट पहिल्या ओळीखाली गेले आणि सरकू लागले.

"अगं, लाव ना. पाहुणे येतील."

"एक मिनट, मॅडम."

"सायरा, हे सगळ्यांचं सारखंच आहे."

बोट दुसऱ्या ओळीवर आले. खोलीतला आवाज हळूहळू बसला. सायराबानू आधी इंग्रजी पुटपुटायची आणि मग सगळ्यांना कळेल असे मोठ्याने सांगायची. वर्गात औषधाचे पाकीट ती असेच वाचून दाखवत असे.

"हितं लिखा है, मला लिहिता-वाचता येत नाही. चलो, ते तर हर सालचंच आहे. पुढे दोन आणि तीन... माझा फोटो, आणि माझ्या मुलांचा फोटो, मंडळ कुठंबी छापेल, मी नाही बोलणार नाही."

"मुलांचा?" मागून कुणीतरी म्हणाले.

"हौ, मुलांचा. चौथा नंबर." बोट थांबले. ती ओळ तिने दोनदा वाचली. मग हळू आवाजात सांगितली. "मंडळाने मला कसल्याही कामाचा, कसल्याही नोकरीचा शब्द दिलेला नाही. आणि दिला होता असं मी पुढे कधी बोलणार नाही."

तिने मान वर केली नाही. पाचवी ओळ राहिली होती, तीही वाचली. "वरचं सगळं मला माझ्या भाषेत वाचून दाखवलं, आणि मला समजलं." मग तिने विचारले, "मॅडम, ये कौन पढके सुनाया?"

पूनमचा चेहरा तापला. ती नीलांबिकाबाईंकडे वळली आणि म्हणाली, "हिला एवढं शिकवलं कुणी?"

साक्षरता मंडळाच्या कार्यवाह बाईंनी साक्षरता दिनी हा प्रश्न विचारला, आणि त्यात काही वावगे आहे असे त्यांना जरासुद्धा वाटले नाही.

तेवढ्यात तानाबाई उठली. ही सांगोल्याकडची म्हातारी, शेळ्या विकून लेकाकडे शहरात आलेली. सगळ्यांत आधी अंगठा हिचाच झाला होता. "म्या तर दिला की गं अंगठा! कुटं हाय माजा कागद?" तिने ढीग उलटापालटा केला, आपले निळे बोट ओळखले आणि कागदाचा तेवढा कोपरा टर्रकन फाडून कमरेच्या चंचीत घातला. "आता छापा म्हनावं, लई छापा."

बाकीच्या चौघी टेबलाभोवती जमल्या. कागद फाटल्याचे आवाज ऐकून शिवलिंगप्पा आत आले. रेशमी सदरा, खिशाला फूल.

"काय चाललंय वहिनी? तुम्ही समजवा ना यांना. तुमच्या विद्यार्थिनी."

आयुष्यभर पहिल्या रांगेत बसलेल्या नीलांबिकाबाई वधूपक्षाच्या खोलीत उभ्या होत्या. त्यांना वाटले होते त्यापेक्षा आवाज शांत निघाला.

"ज्यांना वाचता येत नाही म्हणता, त्यांच्यासाठी कागद इंग्रजीत का काढला, शिवलिंगप्पा?"

"कंपनीला इंग्रजी लागतं हो."

"मग अंगठा कंपनीचा घ्या."

कुणीतरी फिस्सकन हसले. शिवलिंगप्पांनी तो विषय सोडला आणि मोर्चा सायराबानूकडे वळवला. व्यापारी माणूस; कुठला माल अडलाय ते त्यांना बरोबर कळे. "सायरा, बाळ, आज वेळ मारून ने. तुझ्या कामाचं मी बघतो. माझी जबान आहे."

"अण्णा, जबान भी इंग्लिश में लिख के देव. ये कागद है ना, इसके पीछे."

शिवलिंगप्पांनी पूनमकडे बघितले. पूनमने फोनकडे. आणि मग, पाहुण्यांची गाडी फाटकात वळल्याचे ऐकून चिडून, तिनेच सांगून टाकले, "ती जागा भरली गं. माझ्या नणंदेची सून घेतलीय. तिचं इंग्रजी चांगलं आहे."

सायराबानू रडली नाही. रडणे तिचे मंचावर चार वेळा होऊन गेले होते. तिने शाईच्या पॅडचे झाकण लावले, कारण पॅड उघडा राहिला की सुकतो, आणि पिशवी उचलून म्हणाली, "चलो."

बारा बायका मागच्या दाराने गेल्या. जाताना चहाच्या भांड्यापाशी थांबल्या, कारण चहा त्यांच्यासाठीच केला होता, आणि तो पिऊन गेल्या.

पाहुणे आले. नीलांबिकाबाई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. पुढचे त्यांना चुकवायचे नव्हते. दिवा लागला, स्वागतगीत झाले, शिवलिंगप्पा अंधारावर वीस मिनिटे बोलले. मग पूनमने पुकारले, "आणि आता आपल्या एका भगिनीच्या आयुष्यातला तो क्षण!" पडद्यामागून मंडळाच्या खजिनदारांची बायको आली. एम.ए. झालेली, नव्या पेठेत दुमजली घर. अंगावर कार्यालयाच्या आचारीणबाईची उसनी साडी, तिला घोट्यापर्यंतच पुरत होती, आणि पायात सोन्याचा मुलामा दिलेल्या वहाणा.

अंगठा तिने कसाबसा उठवला. शाई लागली म्हणून तोंड वाकडे केले. मग पाहुण्यांनी पेन दिले. तिने ते घेतले, एकदा झटकले, आणि हात आपोआप धावला. सही इंग्रजीत, वळणदार, खाली दोन रेघा आणि त्याखाली तारीख.

पुण्याचे साहेब भारावले. "वा! किती दिवस लागले हो ताई, शिकायला?"

"दोन वर्षे," ती सवयीने म्हणाली. "एम.ए. दोन वर्षांचंच असतं ना."

साहेबांना नीट ऐकू आले नसावे, किंवा त्यांची परतीची वेळ ठरलेली असावी. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. डावीकडे अंगठा, उजवीकडे सही, असा फोटोही निघाला. साडी आणि डबा घेऊन ती बाई खाली उतरली. डबा तिने घरी न्यायला पिशवीत टाकला, हे नीलांबिकाबाईंनी स्वतः पाहिले.

बाहेर मौलालीची रिक्षा माल घेऊन नुकतीच येऊन उभी राहिली होती. मागे टॉवेलच्या गठ्ठ्यांवर तानाबाई आणि आणखी चारजणी बसल्या होत्या. बाकीच्या चालत गेल्या होत्या. सायराबानू मौलालीशेजारी. बायको बोलेनाशी झाली की रिक्षा हळू चालवायची, एवढे त्याला माहीत होते.

नीलांबिकाबाई फाटकाशी आल्या. "सायरा."

"टीचर."

"मला दरवर्षी माहीत होतं."

"हौ. पहिल्या रांगेत दिसायच्या तुम्ही." तिच्या आवाजात राग नव्हता, लेबल सुलटे आहे की उलटे, हे सांगताना जसा असतो तसा आवाज होता. "मीबी बसायचे की टीचर. चार डब्बे हैं मेरे पास."

"उद्या मंगळवार. वर्गाचा दिवस. मी मंडळात जाणार नाही."

मागून तानाबाई ओरडली, "मग आमी कुटं जायाचं? ह्या वयात मला अर्धंच शिकवून सोडता व्हय?"

सायराबानूने मागे वळून बघितले. मग समोर. "मेरे घर आव," ती म्हणाली. "बाहेरच्या खोलीत माल भरलाय, पण दहा-बारा बसतील. पगार नै, बोर्ड नै. मराठी मैं सिखाती. इंग्रजी तुम्ही." थोडे थांबून म्हणाली, "कुर्सी नाही टीचर, गठ्ठ्यावर बसावं लागेल. और वो गुड मॉर्निंग नक्को."

"दुपारी दोनला गुड मॉर्निंग कोण म्हणतं?" नीलांबिकाबाई म्हणाल्या.

"तुमीच म्हणायच्या!" तानाबाई म्हणाली. रिक्षा हसतच निघाली. सायराबानू मात्र हसली नाही. ती आपल्या काळ्या पडलेल्या बोटांकडे बघत होती, आणि चार-पाच वर्षांचा तिचा तो हिशेब आजही तिथेच होता, जिथे शनिवारी होता.

संध्याकाळी पूनमचा फोन आला. कार्यक्रम फार सुंदर झाला, साहेब खूश आहेत, नीलामावशींना मंडळातर्फे मानपत्र द्यायचे ठरले आहे, म्हणाली. मजकूर इंग्रजीत हवा. तो मावशींनीच लिहून दिला तर बरे पडेल, चुका राहणार नाहीत.

नीलांबिकाबाईंनी फोन ठेवला. वही उघडली. आज त्यांनी सगळे लिहिले: बारा बायका, पाच अंगठे, चौथी ओळ, नणंदेची सून, दोन रेघांची सही. आणि सिस्टरची शिस्त मोडून पूनम, शिवलिंगप्पा आणि पहिल्या रांगेतली ती म्हातारी यांच्याबद्दल प्रत्येकी एकेक विशेषणही लिहिले. तिघांनाही एकच लागू पडले. उद्या दुपारी दीडला निघायचे, रिक्षावाल्याला नई जिंदगी सांगायचे, हेही लिहिले. मग रेघ मारण्याआधी, नेहमीप्रमाणे घरातले एक वाक्य:

नळाला पाणी पाचव्या दिवशी आले. दाब कमी, दोन्ही पिंपे भरायला सव्वा तास लागला.